स्टेअरिंगचं तेल जातं कुठे?

जुना ट्रक घेणारा माणूस आधी टायर बघतो. मग इंजिन चालू करून धुराचा रंग, हौद्याच्या फळ्या, पाट्यांची पानं. कागदांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघतो: आरसी, फिटनेस, कर्जाचा बोजा उतरला की नाही, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की नाही. एवढं झालं की चहा येतो आणि टोकन दिलं जातं. गाडीखाली आडवं होऊन बघायचं तेवढं राहून जातं. पुढच्या अॅक्सलच्या आसपास, उजव्या चेसिसला बसवलेल्या स्टेअरिंग बॉक्सच्या पोटाला चिकटलेला काळा, ओलसर मातीचा थर मग नव्या मालकाला पहिल्या ग्रीसिंगच्या वेळी दिसतो. विकणाऱ्याला विचारलंच असतं तरी उत्तर ठरलेलं होतं, ‘जुनी गाडी आहे, थोडं ऑइल फेकणारच.’

इंजिनाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. इंजिन ऑइल थोडं जळतं, पिस्टनच्या रिंगांतून वर जातं. पॉवर स्टेअरिंगचं तसं नाही. तिथलं तेल बंद वाटेवर फिरत राहतं. ते जळत नाही आणि वापरून संपतही नाही. डब्यातली पातळी खरोखर उतरली असेल तर तेल यंत्रणेतून बाहेर पडलेलं आहे, एवढं नक्की. कुठून आणि कशामुळे, हे शोधायचं असतं. ‘कुठून’चं उत्तर बहुतेक फिटर देतात. ‘कशामुळे’च्या वाटेला फारसं कोणी जात नाही, म्हणून बदललेलं ऑइल सील काही महिन्यांत पुन्हा गळायला लागतं आणि बिचाऱ्या सील बनवणाऱ्याला शिव्या बसतात.

पहिली शंका तेलाच्या ओळखीची. केबिनखाली पडलेला प्रत्येक थेंब स्टेअरिंगचा नसतो. तिथे इंजिन ऑइल असतं, कूलंट असतं, डिझेलच्या नळ्या असतात आणि क्लचचं हायड्रॉलिक तेलही असतं. ब्रेक हवेचे असले तरी पुष्कळ ट्रकांचा क्लच तेलावर चालतो, हे विसरलं जातं. बऱ्याच ट्रकांच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनवलेलं एटीएफ जातीचं तेल घालतात आणि ते लाल असतं. हा लाल रंग तेलाचा गुण नव्हे, तो मुद्दाम मिसळलेला असतो. गळती झालीच तर इंजिन ऑइलपासून हे तेल वेगळं ओळखू यावं, यासाठीच तो घालतात. पण जुन्या गाडीत तीच ओळख पुसली जाते. तापून तापून लाल रंग आधी तपकिरी होतो आणि मग काळपट. त्यामुळे डाग लाल नाही म्हणून स्टेअरिंगला सोडून देऊ नका. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या आणि डब्याच्या काडीवरचा दुसरा थेंब त्याच्या शेजारी टाका. दोन्हींचा रंग, पातळपणा आणि वास जुळला तर ओळख पटली. डिझेल वासानेच कळतं. कूलंट पाण्यासारखं पसरतं, त्याला गोडसर वास येतो. क्लचचं तेल फिकट असतं आणि ज्या रंगावर पडेल तो रंग उचलून काढतं. चेसिसचा रंग फुगून सुटला असेल तर आधी क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे बघा.

आता हे तेल नेमकं काय करतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गळती कधी दिसते आणि कधी लपते याचं उत्तर त्यातच आहे.

पॉवर स्टेअरिंगची गोष्ट ट्रकपासूनच सुरू होते. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकी इंजिनिअर पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवताना चालकांचे खांदे कसे भरून येतात ते तो रोज बघत होता. नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी त्याने स्वतःचा उद्योग मांडला आणि १९२६ मध्ये पिअर्स-अॅरोच्याच मोटारीवर आपली यंत्रणा चालवून दाखवली. त्याची खरी युक्ती झडपेत होती. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तेव्हाच्या यंत्रांत दाब कायम भरून ठेवायची पद्धत होती, आणि कायम दाब म्हणजे कायम गळती. डेव्हिसने उलटा विचार केला. चाक सरळ असताना झडप उघडी ठेवायची, तेलाला कसलाही अडथळा न होता फिरू द्यायचं. चालकाने स्टेअरिंग वळवलं की तेवढ्यापुरती वाट अडवायची आणि दाब तयार करायचा. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला खरा, पण खर्च परवडेना म्हणून १९३४ मध्ये तो सोडून दिला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती लष्करी गाड्यांना हे तंत्र लागलं, आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल मोटारीत ते बाजारात आणलं. तोवर पाव शतक उलटून गेलं होतं.

आजच्या ट्रकमध्येही तत्त्व तेच आहे. इंजिनावर चालणारा पंप डब्यातून तेल ओढतो आणि जाड होज पाइपातून स्टेअरिंग बॉक्सकडे ढकलतो. बॉक्सच्या तोंडाशी एक बारीक पीळ घेणारी सळई असते. तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळाने झडप सरकते. तेल पिस्टनच्या एका बाजूला दाब देतं, पिस्टनवरचे दाते सेक्टर शाफ्ट फिरवतात, शाफ्टला बसवलेला ड्रॉप आर्म हलतो आणि पुढे ड्रॅग लिंकमार्फत चाकं वळतात. काम झालेलं तेल परतीच्या नळीने, फिल्टरमधून गाळून पुन्हा डब्यात. सरळ रस्त्यावर या तेलाचा दाब मोजके काही बार असतो. लोड गाडी उभ्या जागी पूर्ण वळवली तर तो १०० बारच्या पुढे, अवजड ट्रकांत १५० बारच्या घरातही जातो. १५० बार म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे दीडशे किलोंचा भार.

म्हणूनच उभी, बंद गाडी बघून गळतीचा निकाल देता येत नाही. दाबाच्या बाजूचा होज इंजिन बंद असताना कोरडा ठणठणीत दिसू शकतो. उलट गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी जमिनीवर डाग दिसला, पण इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरवल्यावर काही वाढ नाही, असं असेल तर दोष बहुधा बिनदाबाच्या जागी आहे: डबा, परतीची नळी, एखादी सैल क्लिप.

तपासणीची सुरुवात धुण्यापासून करावी, आणि धुणं दोन प्रकारचं असतं. एक तुमचं, दुसरं विकणाऱ्याचं. विकायला काढलेल्या ट्रकला पाणी मारलेलं असतंच, त्यात गैर काही नाही. पण सगळ्या चेसिसवर धूळ आणि फक्त स्टेअरिंग बॉक्स, पंप आणि त्यांच्यामधले होज तेवढे चकचकीत, वर काळ्या रंगाचा ताजा हात, असं दिसलं की तिथे काहीतरी पुसलेलं आहे असंच धरून चाला. सौदा त्याच क्षणी मोडायची गरज नाही. ‘एक लोडची फेरी मारून संध्याकाळी पुन्हा बघू’ एवढं म्हणा. समोरचा माणूस काय सबबी सांगतो, यावरून तपासणी अर्धी होते.

गाडी तुमची असेल तर डिझेल किंवा रॉकेलने आणि ब्रशने सगळा भाग वरपासून खालपर्यंत साफ करा, हवा मारून कोरडा करा. मग साधी टाल्कम पावडर होजच्या जोडांवर आणि सीलांच्या भोवती भुरभुरा. पांढऱ्या पावडरीवर ओलीची पहिली रेघ लगेच उठून दिसते. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारा रंग तेलात मिसळून खास टॉर्चने बघायची पद्धतही आहे. बारीक पाझर पकडायला ती फार उत्तम. पण पावडरीचा डबा कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, आणि माझ्या मते दहातल्या आठ गळत्यांना तो पुरतो.

यानंतर दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. एक जण केबिनमध्ये बसून इंजिन चालू करतो आणि स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. टोकाला पोचल्यावर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, कारण तिथे पंपाचा सगळा जोर रिलीफ व्हॉल्व्हवर येतो आणि तेल झपाट्याने तापतं. दुसरा बाजूने बघतो, चाकाच्या आणि ड्रॉप आर्मच्या वाटेत न येता. होजवर हात फिरवून गळती चाचपायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती घातक आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून या दाबाने सुटलेलं तेल कातडी भेदून आत जातं. बाहेर दिसतो फक्त एक ठिपका. दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि शस्त्रक्रियेशिवाय भागत नाही. चाचपायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

बघताना नियम एकच: सगळ्यात खालचा थेंब नाही, सगळ्यात वरची ओल शोधायची. तेल चेसिसवरून ओघळतं, नळीच्या आधाराने हातभर सरकतं, आणि धावत्या गाडीत वारा त्याला मागे नेतो. बॉक्सच्या पोटातून टपकणारं तेल पुष्कळदा बॉक्सचं नसतंच. वरच्या होजच्या बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर बसलेला नसतो. असा बोल्ट उघडला की वॉशर नवा घालायचा असतो. तो काही रुपयांना मिळतो. त्याच्यापायी आख्खा बॉक्स उतरवून सील किट टाकल्याची उदाहरणं मात्र कमी नाहीत.

डब्यापासून सुरुवात केली तर पहिला संशयित म्हणजे जास्त भरलेलं तेल. तेल तापलं की फुगतं. यंत्रणेत तीन लिटर तेल धरलं आणि ते ६० अंशांनी तापलं, तर त्याचं आकारमान शंभर-सव्वाशे मिलिलिटरने वाढतं. थंड गाडीत काठोकाठ भरलं असेल तर एवढं तेल झाकणातून बाहेर येणारच. ते डब्यावरून ओघळून खाली येतं आणि गळतीचा आभास होतो. झाकणाखालून सुरू होणारा ओघळ दिसला तर आधी पातळी बघा, तीही प्रत्येक वेळी एकाच अवस्थेत, म्हणजे नेहमी थंड किंवा नेहमी गरम.

होजची गळती सरळ असते. रबराला बारीक भेगा, दाबून बसवलेल्या धातूच्या टोकाशी ओल, किंवा चेसिसला घासून आतली तारेची जाळी उघडी पडलेली. असा होज बदलायचा, त्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळून चालत नाही. इथे घाई करायला आणखी एक कारण आहे. दाबाचा होज पुष्कळ गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेजवळून जातो. घाट चढताना लोडमध्ये टर्बो आणि मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या वर जातात. त्यावर तेलाचा फवारा उडाला तर आग लागू शकते.

आता स्टेअरिंग बॉक्स. त्यातून तेल मुख्यत्वे तीन जागांनी येतं: स्टेअरिंगचा दांडा आत शिरतो तिथलं इनपुट सील, बाजूच्या झाकणाचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, आणि ड्रॉप आर्म बसतो तिथलं सेक्टर शाफ्टचं सील. झाकणाचा दोष बघून लगेच कळतो. खरा अभ्यास बाकीच्या दोघांचा करावा लागतो.

इनपुट सील साधारणपणे परतीच्या तेलाच्या जवळ असतं, म्हणजे त्याच्यावर फारसा दाब यायला नको. ते पुन्हा पुन्हा जात असेल तर सीलमध्ये दोष शोधू नका, परतीच्या वाटेत शोधा. नळी कुठे मुडपली आहे का, आतून सोलवटून रबराचा पदर वाट अडवतोय का, डब्यातला फिल्टर वर्षानुवर्षं बदललेला नाही का? पुढची वाट तुंबली की मागे दाब साठतो आणि सगळ्यात नाजूक जागा उसवते. फिल्टर बदलल्यावर तीच गाडी शहाण्यासारखी वागायला लागते.

सेक्टर शाफ्टचं सील हे जुन्या ट्रकचं हमखास दुखणं. ड्रॉप आर्म प्रत्येक खड्ड्याचा धक्का या शाफ्टवर आणतो. त्याचं बेअरिंग झिजलं की शाफ्ट किंचित डुलायला लागतो, आणि डुलणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. सील बदलण्याआधी ड्रॉप आर्म हाताने धरून शाफ्टच्या दिशेने आणि आडवा हलवून बघा. खेळ जाणवला तर नुसतं किट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं कारण गंज. बाहेरचा रबरी धूळरक्षक फाटला की चिखल-पाणी आत जातं, शाफ्टचा गुळगुळीत भाग खडबडीत होतो आणि सीलची ओठासारखी कड कापत सुटतो. नख फिरवून बघा. नख अडकलं तर शाफ्टचंही काम आहे. तिसरं कारण जरा मजेशीर, कारण ते सेवेतूनच येतं. काही बॉक्सना सेक्टर शाफ्टपाशी ग्रीसचं निपल असतं. तिथे हाताच्या गनने बेताने ग्रीस द्यायचं असतं. पण सर्व्हिसिंगवर हवेच्या गनने धडाधड ग्रीस मारलं जातं आणि आतलं सील जागेवरून सरकतं. गाडीची काळजी घेणारा मालकच गळती विकत घेतो.

ड्रॉप आर्म काढताना पुलर वापरायला सांगा आणि शाफ्टवरच्या खुणा जुळवून घ्या. घणाचे घाव घालून तो निघतो, पण ते घाव थेट आतल्या बेअरिंगला आणि दात्यांना बसतात.

सगळं कोरडं, जमिनीवर डाग नाही, तरी डब्यातलं तेल कमी होतंय, ही तक्रार ऐकली की अनुभवी फिटर इंजिन ऑइलची काडी काढतो. अनेक ट्रकांत स्टेअरिंग पंप पट्ट्यावर नाही, इंजिनाच्या गिअरवर थेट चालतो. तिथे पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तर स्टेअरिंगचं तेल बाहेर येतच नाही, गुपचूप इंजिनात उतरतं. काडीवर पातळी वाढलेली दिसते, आणि ‘माझं इंजिन ऑइल खातच नाही’ म्हणून मालक खूश असतो! पातळ झालेलं ते मिश्रण इंजिनाच्या बेअरिंगांना मात्र मानवत नाही. याच सीलमधून उलटा प्रवासही होऊ शकतो: इंजिनाचं काळं तेल स्टेअरिंगच्या वाटेत ओढलं जातं आणि डबा आपोआप भरल्यासारखा वाटतो. जुना ट्रक बघताना दोन्ही काड्या एकापाठोपाठ काढा.

न टपकणाऱ्या दोषाचा आणखी एक प्रकार आहे. डबा ते पंप या ओढीच्या नळीत भेग असेल, तर इंजिन चालू असताना तिथून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. तेल फेसाळतं, दुधट दिसतं, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि स्टेअरिंग मध्येच हलकं, मध्येच जड लागतं. इंजिन बंद केल्यावर डब्यात फेस वर आला तर आधी ही नळी आणि तिच्या क्लिपा बघा. पंपाला बदनाम करण्याची घाई नको. आणि स्टेअरिंग सतत जडच असेल, तेल पूर्ण असेल, आवाज नसेल, तर दोष कदाचित तेलाच्या यंत्रणेत नसेलच. किंग पिनला कित्येक महिने ग्रीस मिळालं नसेल, टायरमध्ये हवा कमी असेल.

तेल कमी दिसलं की हाताला येईल ते ओतण्याची रीत रस्त्यावर आहे. त्यात सर्वांत वाईट म्हणजे ब्रेक किंवा क्लचचं तेल. स्टेअरिंगची सीलं बहुतेक नायट्राइल रबराची असतात. त्यांना खनिज तेल चालतं, ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल चालत नाही. ती फुगतात, मऊ पडतात आणि थोड्याच दिवसांत एकाच्या जागी सगळ्याच सीलांचं काम निघतं. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी रसायनंही सील फुगवूनच काम करतात. वयाने कडक झालेल्या सीलचा पाझर त्यांनी काही काळ थांबतो. फाटलेला होज किंवा झिजलेलं बेअरिंग त्यांना जुमानत नाही. विकायच्या गाडीत त्यांचा वापर कशासाठी होतो, ते सांगायला नको.

राहिला सौद्याचा प्रश्न. जोडाभोवती धूळ चिकटवून ठेवणारी, पण थेंब न होणारी ओल असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही. खूण करून ठेवा आणि लक्ष ठेवा. थेंब पडत असेल तर मोजा. तेलाचे साधारण २५ ते ३० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दहा सेकंदांना एक थेंब, म्हणजे तासाला ३६०, म्हणजे बारा-चौदा मिलिलिटर. दहा तासांच्या धावेत सव्वाशे-दीडशे. आठवड्याला एक लिटरभर तेल रस्त्यावर. हा हिशेब समोर मांडला की किमतीवरचं बोलणं सोपं जातं. होज, वॉशर, परतीची नळी यांचा दोष असेल तर थोडी सूट पुरे. सेक्टर शाफ्टला खेळ असेल तर बॉक्स उतरवून होणारं पूर्ण काम धरून घासाघीस करा, आणि त्याचा अंदाज गाडीच्या मालकाच्या ओळखीच्या फिटरकडून न घेता दुसऱ्याकडून घ्या.

तेल पूर्ण गेलं तरी चाकं स्टेअरिंगला जोडलेलीच असतात, गाडी वळते. पण कसारा किंवा खंबाटकी घाटात भरल्या गाडीचं वळण निव्वळ दंडाच्या जोरावर घेण्याची वेळ येते, आणि डेव्हिसच्या काळातल्या चालकांना ज्याची सवय होती ती ताकद आजच्या चालकाने कधी लावलेली नसते. मदत मध्येच गेली की पहिले दोन सेकंद त्याला काय झालं हेच कळत नाही.

दुरुस्तीनंतर यंत्रणेतली हवा काढावी लागते. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्या, आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग अनेकदा या टोकापासून त्या टोकाला फिरवा. डब्यात तेल घालत राहा, बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. मग परत पावडर मारा, लोड भरा, एक फेरी करून या आणि गाडी थंड झाल्यावर पुठ्ठा घेऊन पुन्हा एकदा खाली आडवे व्हा.